एकल तरंग : शोध, सिद्धान्त आणि आपल्या परिसरातील संदर्भ

तरंग म्हटला की शिखरामागून गर्त आणि गर्तामागून शिखर अशी अखंड मालिका आपल्या डोळ्यांसमोर येते. तळ्यात खडा टाकला तर वर्तुळे उठतात, पसरतात आणि विरून जातात. पसरणे व विरणे हा तरंगाचा स्वभावच आहे, अशी आपली धारणा पाठ्यपुस्तकांनीही दृढ केलेली असते. परंतु पाण्याच्या पृष्ठभागावर एकच उंचवटा उत्पन्न व्हावा, त्याच्या पुढे अथवा मागे एकही गर्त नसावा, आणि आपला आकार व वेग न बदलता त्याने कित्येक किलोमीटर अंतर कापावे, ही गोष्टही निसर्गात घडते. अशा तरंगाला ‘एकल तरंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याच्या शोधाचा इतिहास, त्यामागील भौतिकी आणि मराठवाड्यातील व महाराष्ट्रातील अभ्यासकांना जवळचे वाटतील असे त्याचे काही संदर्भ मांडण्याचा विचार आहे. या इतिहासात एक पद्धतिविषयक प्रश्नही गुंतलेला आहे. निरीक्षण एक सांगते आणि प्रस्थापित सिद्धान्त दुसरे सांगतो, अशा वेळी कोणावर विश्वास ठेवावा, हा तो प्रश्न होय.

१. रसेल यांचे निरीक्षण

इ. स. १८३४ च्या ऑगस्ट महिन्यात जॉन स्कॉट रसेल हे सव्वीस वर्षांचे स्कॉटिश अभियंते एडिंबरोजवळील युनियन कालव्यावर नौकांच्या गतीसंबंधी प्रयोग करीत होते. घोड्यांच्या जोडीने ओढली जाणारी एक नौका अरुंद कालव्यातून वेगाने जात असता एकाएकी थांबली. नौकेने गतिमान केलेले पाणी मात्र थांबले नाही. ते नौकेच्या नाळेपाशी खळबळून साचले आणि मग एका गुळगुळीत, गोलसर उंचवट्याचे रूप घेऊन पुढे निघून गेले. रसेल यांनी घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. उंचवट्याची लांबी सुमारे तीस फूट, उंची एक ते दीड फूट आणि वेग ताशी आठ ते नऊ मैल होता. एक-दोन मैलांनंतर, उंची हळूहळू कमी होत गेल्यावर, कालव्याच्या वळणांत तो दिसेनासा झाला.

पाण्यावरील लाट पुष्कळांनी पाहिली असेल. रसेल यांचे वैशिष्ट्य असे की, ते पाहून थांबले नाहीत. घराच्या आवारात त्यांनी एक लांब टाकी बांधली. तिच्या एका टोकाला पाण्यात वजन सोडून, किंवा फळीमागे साठविलेले पाणी एकदम मोकळे करून, त्यांनी तोच तरंग पुनःपुन्हा उत्पन्न केला आणि त्याचे मापन केले. ब्रिटिश असोसिएशनला १८४४ मध्ये सादर केलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी आपले निष्कर्ष एकत्र केले. ते थोडक्यात असे :

(अ) हा तरंग आपला आकार टिकवून धरतो. मंदपणे होणारा त्याचा ऱ्हास घर्षणामुळे होतो.

(आ) स्थिर पाण्याची खोली ‘ख’, तरंगाची उंची ‘उ’ आणि गुरुत्वीय प्रवेग ‘ग’ असल्यास त्याचा वेग ‘व’ पुढील सूत्राने मिळतो :

व² = ग (ख + उ)

म्हणजे त्याच खोलीच्या पाण्यात उंच तरंग ठेंगण्या तरंगापेक्षा वेगाने जातो.

(इ) आरंभीचा उंचवटा फार मोठा असल्यास त्याचे दोन किंवा अधिक एकल तरंगांत विभाजन होते.

(ई) पाण्याच्या पृष्ठभागावर खळगा उत्पन्न केल्यास त्यापासून एकल तरंग मिळत नाही.

या सूत्राची प्रचीती रसेल यांच्याच कालव्यावरील आकड्यांवरून घेता येते. ताशी आठ ते नऊ मैल म्हणजे सेकंदास सुमारे ३.६ ते ४.० मीटर. वेगाच्या वर्गास ‘ग’ने भागल्यास तरंगासह पाण्याची खोली १.३ ते १.६५ मीटर येते. घोड्याने ओढावयाच्या नौकांच्या कालव्याला ती साजेशीच आहे.

२. आक्षेप आणि त्याचे निराकरण

तत्कालीन विद्वानांनी या शोधाचे स्वागत केले नाही. राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८४५ साली भरती-ओहोटी व लाटा यांवरील आपल्या प्रबंधात रसेल यांच्या तरंगाला विशेष महत्त्व देण्यास नकार दिला. त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. उथळ पाण्यातील दीर्घ तरंगाच्या प्रत्येक भागाचा वेग त्या ठिकाणच्या खोलीवर अवलंबून असतो. शिखराखाली खोली अधिक, म्हणून शिखर पायथ्यापेक्षा वेगाने धावणार. त्यामुळे तरंगाची पुढील बाजू उत्तरोत्तर उभी होत जाणार. असा तरंग आपला आकार टिकवू शकणारच नाही. जॉर्ज स्टोक्स यांनीही १८४७ च्या सुमारास तरंगाच्या स्थायित्वाबद्दल शंका व्यक्त केली; पुढे मात्र त्यांनी आपले मत बदलले.

एअरी यांच्या गणितात चूक नव्हती; चूक होती ती गृहीतात. त्यांनी विचारात घेतलेल्या समीकरणांत पाण्याच्या उभ्या प्रवेगाचा परिणाम वगळलेला होता. तो जमेस धरला म्हणजे दुसरी एक प्रवृत्ती समोर येते. पाण्यावरील लहान तरंगलांबीचे तरंग दीर्घ तरंगांपेक्षा मंद चालतात. कोणताही उंचवटा निरनिराळ्या तरंगलांबींच्या घटकांचा बनलेला असल्याने हे घटक मागेपुढे होतात आणि उंचवटा पसरू लागतो. यालाच अपस्करण म्हणतात. तेव्हा एका बाजूस अरेषीयतेमुळे तरंग उभा होऊ पाहतो, तर दुसऱ्या बाजूस अपस्करणामुळे तो पसरू पाहतो. या दोन प्रवृत्ती जेथे एकमेकींस तोलून धरतात, तेथे आकार स्थिर राहतो. एकल तरंगाचे सारे रहस्य या तोलात आहे.

फ्रान्समध्ये बाझँ यांच्या कालव्यातील प्रयोगांनी रसेल यांच्या मापनास पुष्टी दिली. त्यानंतर १८७१ मध्ये बुसिनेस्क यांनी आणि १८७६ मध्ये रॅले यांनी स्वतंत्रपणे हा तोल गणिताने सिद्ध करून रसेल यांचेच वेगसूत्र मिळविले. शेवटी १८९५ मध्ये ॲम्स्टरडॅमचे कोर्टवेग आणि त्यांचे शिष्य दे व्रीस यांनी आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे अवकल समीकरण प्रसिद्ध केले. त्यात काळानुसार होणारा बदल हा दोन पदांच्या बेरजेने ठरतो. पहिल्या पदात उंची व तिचा उतार यांचा गुणाकार असतो. हे अरेषीयतेचे पद होय. दुसऱ्या पदात उंचीचा स्थलसापेक्ष तृतीय अवकलज असतो. हे अपस्करणाचे पद होय. या समीकरणाचे एकल उत्तर अपास्तीय कोज्येच्या वर्गाच्या व्यस्ताप्रमाणे असते, आणि त्याची लाक्षणिक अर्धरुंदी ‘ल’ अशी मिळते :

ल² = ४ ख³ ÷ (३ उ)

उंची वाढली की रुंदी घटते, हे यावरून स्पष्ट होते. उंच तरंग सडपातळ व वेगवान, ठेंगणा तरंग रुंद व मंद. याच सूत्राची मांडणी बदलून उ × ल² ÷ ख³ ही राशी घेतली, तर एकल तरंगासाठी तिचे मूल्य नेहमीच ४/३ येते. फ्रिट्झ उर्सेल यांनी १९५३ मध्ये या राशीचे महत्त्व दाखवून जुन्या वादाचा निकाल लावला. ही राशी एकापेक्षा पुष्कळ मोठी असेल, तर एअरी यांचा निष्कर्ष खरा ठरतो आणि तरंग उभा होत जातो. ती पुष्कळ लहान असेल, तर नेहमीचा रेषीय सिद्धान्त लागू पडतो आणि तरंग पसरतो. ती एकाच्या आसपास असेल, तर रसेल यांचा तरंग संभवतो. म्हणजे दोघांचीही विधाने आपापल्या क्षेत्रात बरोबर होती. एअरी यांनी आपल्या सिद्धान्ताची सीमा ओलांडून निर्णय दिला, इतकेच. रसेल १८८२ मध्ये निवर्तले. बुसिनेस्क व रॅले यांचे कार्य त्यांच्या हयातीत झाले होते, परंतु त्यांच्या तरंगाचे खरे महत्त्व जगाला कळण्यास अजून ऐंशीहून अधिक वर्षे जावयाची होती.

३. संगणकाने घडविलेला पुनर्जन्म

कोर्टवेग-दे व्रीस समीकरण पुढे दीर्घकाळ जवळजवळ विस्मृतीत गेले. त्याचे पुनरुज्जीवन झाले ते एका सर्वस्वी निराळ्या प्रश्नातून. लॉस अलामोस येथे फेर्मी, पास्ता व उलाम यांनी, मेरी त्सिंगू यांनी लिहिलेल्या आज्ञावलीच्या साहाय्याने, किंचित अरेषीय स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांच्या साखळीचे वर्तन संगणकावर अभ्यासले. १९५५ च्या त्यांच्या अहवालातील निष्कर्ष चकित करणारा होता. एकाच कंपनप्रकाराला दिलेली ऊर्जा कालांतराने सर्व प्रकारांत समान वाटली जाईल अशी अपेक्षा होती. पण ती काही थोड्या प्रकारांत फिरून जवळजवळ पूर्णपणे मूळ प्रकाराकडे परत आली.

या कोड्याचा उलगडा १९६५ मध्ये झाबुस्की व क्रुस्कल यांनी केला. साखळीतील कण अगदी जवळजवळ आहेत असे मानल्यास तिचे वर्णन कोर्टवेग-दे व्रीस समीकरणानेच होते, हे त्यांच्या ध्यानात आले. संगणकावर त्यांनी कोज्या-आकाराची आदिस्थिती घेतली, तेव्हा ती अनेक एकल तरंगांत विभागली गेली. अधिक नवलाची गोष्ट पुढेच होती. मागून येणारा उंच तरंग पुढच्या ठेंगण्या तरंगास गाठतो, दोघांची गुंतागुंतीची आंतरक्रिया होते, आणि नंतर दोन्ही आपापला मूळ आकार व वेग घेऊन बाहेर पडतात. भेटीची खूण एवढीच राहते की, उंच तरंग अपेक्षित स्थानाच्या किंचित पुढे आणि ठेंगणा किंचित मागे सरकलेला असतो. अरेषीय समीकरणाला अध्यारोपणाचे तत्त्व लागू नसतानाही असे घडावे, हे विलक्षण होय. कणांसारख्या या वर्तनामुळे त्यांनी अशा तरंगांना ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले.

१९६७ मध्ये गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल व मियुरा यांनी या समीकरणाचे अचूक उत्तर काढण्याची रीत शोधली. पुंजयामिकीच्या विद्यार्थ्याला ती विशेष मनोहर वाटेल. आरंभीच्या उंचवट्याला श्रोडिंगर समीकरणातील वर्चस्-विहीर समजावे. त्या विहिरीत जितक्या बद्ध अवस्था असतील तितकेच सॉलिटॉन त्या उंचवट्यातून बाहेर पडतात, आणि प्रत्येक अवस्थेच्या ऊर्जेवरून त्या त्या सॉलिटॉनची उंची ठरते. उंचवट्याचे विभाजन होते व खळग्यापासून एकल तरंग मिळत नाही, ही रसेल यांची दोन निरीक्षणे येथे एकाच विधानात सामावली जातात. कारण खळगा म्हणजे विहीर नव्हे, तर अडथळा, आणि अडथळ्यात बद्ध अवस्था नसते.

यानंतर हा विषय वेगाने पसरला. काचतंतूतील प्रकाशस्पंदांना असेच स्वरूप देता येईल, असे भाकीत हासेगावा व टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये केले आणि १९८० मध्ये मोलेनॉअर, स्टोलेन व गॉर्डन यांनी ते प्रयोगाने पडताळले. १९९५ च्या जुलैमध्ये एडिंबरो येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी त्याच युनियन कालव्याच्या रसेल यांचे नाव दिलेल्या जलसेतूवर नौकेच्या साहाय्याने तो मूळ तरंग पुन्हा उत्पन्न केला.

४. जालना जिल्ह्यातील कालवा : एक व्यावहारिक प्रश्न

हा सर्व इतिहास दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्यांतून तो परभणीकडे जातो. रसेल यांच्या तरंगाचे गणित अशा कालव्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

उदाहरणादाखल २ मीटर खोलीचे स्थिर पाणी घेऊ. त्यावर ०.३ मीटर उंचीचा एकल तरंग असल्यास त्याचा वेग सेकंदास ४.७५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७ किलोमीटर होईल. लाक्षणिक अर्धरुंदी सुमारे ६ मीटर येईल. शिखरापासून दोन्ही बाजूंस १२ मीटरांवर त्याची उंची मूळच्या सुमारे ७ टक्के उरेल. पाणी वाहते असल्यास प्रवाहाचा वेग दिशेप्रमाणे मिळवावा किंवा वजा करावा लागेल.

आता दरवाजाचा विचार करू. नियामकाचा दरवाजा एकदम उघडला, तर खालच्या बाजूस पाण्याची पातळी पायरीप्रमाणे वाढत पुढे सरकते. तो एकदम बंद केला, तर अशीच पायरी वरच्या बाजूस उलट दिशेने जाते. ही पायरी मोठी असल्यास फेसाळत फुटते. परंतु नवी खोली जुन्या खोलीच्या सुमारे १.२८ पटींहून कमी असेल, तर ती न फुटता तिच्या अग्रभागी तरंगांची माळ तयार होते, असे ऑन्री फाव्र यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले. या माळेतील सर्वांत पुढचा तरंग हळूहळू एकल तरंगाचे रूप घेतो. गुरेविच व पिटायेव्हस्की यांनी १९७४ मध्ये दिलेल्या सिद्धान्ताप्रमाणे, घर्षण नसल्यास, त्याची उंची पायरीच्या उंचीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. आपल्या उदाहरणात पातळी ०.३ मीटरने वाढविली, तर खोलीचे गुणोत्तर १.१५ होते, अर्थात् माळ तयार होण्यास परिस्थिती अनुकूल आहे. अग्रतरंगाचे शिखर मूळ पातळीच्या वर ०.६ मीटरपर्यंत चढू शकेल.

प्रत्यक्षात तळाचे घर्षण, कालव्याचा समलंब छेद आणि वळणे यांमुळे हा आकडा कमी-अधिक होईल. समलंब छेदात काठाशी आणि मध्यभागी तरंगाची उंची सारखी नसते, हेही ध्यानात ठेवावे. तथापि मुद्दा कायम राहतो. काठाची मोकळी उंची केवळ अपेक्षित पाणीपातळीवरून ठरविली आणि दरवाजे घाईने हलविले, तर पाणी काठावर चढू शकते, आणि मातीच्या भरावाला ते घातक असते. दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडावेत हा कालव्यावरील अनुभवी माणसांचा दंडक केवळ सवयीचा नाही. त्याला भौतिकीचा आधार आहे. पातळी सावकाश वाढविली असता उर्सेल यांची राशी आरंभी फार मोठी असते आणि उंचवट्याचा उतार इतका सौम्य असतो की, माळ तयार होण्याआधीच घर्षण आपले काम करते.

५. समुद्र आणि अवकाश

एकल तरंगाला मुक्त पृष्ठभाग हवाच असे नाही. समुद्रात वरचे उबदार, हलके पाणी आणि खालचे थंड, जड पाणी यांच्या सीमेवरही तो उत्पन्न होतो. अंदमानच्या समुद्रात तेलविहिरींसाठी काम चालू असता घेतलेल्या मापनांवरून ऑस्बोर्न व बर्च यांनी १९८० मध्ये अशा अंतर्गत सॉलिटॉनांचे वर्णन केले. त्यांची उंची सुमारे ६० मीटरपर्यंत होती. पृष्ठभागावर मात्र त्यांची खूण म्हणजे खळबळत्या पाण्याचे लांबच लांब पट्टे एवढीच होती.

प्लाझ्मामध्ये, म्हणजे आयन व इलेक्ट्रॉन यांच्या मिश्रणात, पाण्याच्या खोलीची जागा विद्युत् वर्चस् घेते. वाशिमी व तानिउटी यांनी १९६६ मध्ये दाखविले की, आयन-ध्वनितरंगांचे वर्णनही कोर्टवेग-दे व्रीस समीकरणाने होते. इकेझी, टेलर व बेकर यांनी १९७० मध्ये ते प्रयोगशाळेत पाहिले. वर्चस्चा उंचवटा उपग्रहावरून सरकत गेला की उपग्रहावरील उपकरण वर्चस्चा उतार, म्हणजे विद्युत् क्षेत्र नोंदविते. उंचवट्याच्या एका बाजूस उतार धन व दुसऱ्या बाजूस ऋण असल्यामुळे नोंदीत एक शिखर व त्याला लागून एक गर्त असा द्विध्रुवी स्पंद उमटतो. १९९४ मध्ये जिओटेल यानाच्या नोंदींवरून मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या चुंबकीय पुच्छातील ‘गोंगाट’ हा वस्तुतः अशा स्पंदांचा बनलेला असल्याचे दाखविले.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे नोंदींत व्यत्यय येणार हे ओळखून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. याच परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे. तेथील गुरबक्ष लखिना, सत्यवीर सिंग, अमर काकड, भारती काकड आदी संशोधकांनी उष्ण व शीत असे दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन असलेल्या प्लाझ्मातील आयन-ध्वनि व इलेक्ट्रॉन-ध्वनि सॉलिटॉनांचे सैद्धान्तिक व संगणकीय विवेचन केले आहे.

२०२२ मध्ये याच संस्थेतून मंगळासंबंधीचा एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या मॅव्हेन यानावरील उपकरणाने ९ फेब्रुवारी २०१५ रोजी, मंगळापासून १००० ते ३५०० किलोमीटर उंचीवर, नोंदविलेल्या विद्युत् क्षेत्रात सुमारे ४५० एकल स्पंद आढळले. त्यांचा कालावधी ०.२ ते १.७ मिलिसेकंद इतका अल्प होता. पृथ्वीप्रमाणे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र मंगळाला नाही. त्याच्या वातावरणातील आयन सौरवाताबरोबर निसटत असतात. या निसटण्यात अशा स्पंदांचा काही भाग आहे काय, हा त्यातून निघणारा प्रश्न आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकल तरंग आणि सॉलिटॉन हे शब्द समानार्थी नाहीत. टकरीनंतर अभंग राहणे हा सॉलिटॉनचा गुण आहे. एका यानाने एका क्षणी नोंदविलेल्या स्पंदावरून तो सिद्ध होत नाही. शिवाय कणांच्या वेगवितरणातील पोकळीमुळेही द्विध्रुवी स्पंद निर्माण होऊ शकतो. म्हणून प्रत्येक स्पंदाचा वेग, रुंदी व उंची यांचा परस्परसंबंध तपासूनच त्याचे वर्गीकरण करावे लागते.

६. प्रयोगशाळेसाठी सूचना

वाहत्या कालव्यात उतरून असे प्रयोग करणे धोक्याचे आहे. कोणीही ते करू नयेत. परंतु ४ मीटर लांबीचे, काचेची बाजू असलेले सरळ पन्हाळ कोणत्याही महाविद्यालयात तयार करता येईल. त्यात ५ सेंटिमीटर पाणी घ्यावे, एका टोकाजवळ फळीमागे थोडे अधिक पाणी साठवावे व फळी झटकन वर उचलावी. तरंग १ सेंटिमीटर उंचीचा असल्यास त्याचा वेग सेकंदास ०.७७ मीटर येईल आणि ४ मीटरांस ५.२ सेकंद लागतील. केवळ खोलीवर अवलंबून असणारे रेषीय सूत्र वापरल्यास हाच काळ ५.७ सेकंद येतो. अर्ध्या सेकंदाचा हा फरक चलच्चित्रणाच्या साहाय्याने सहज मोजता येतो. मागे साठविलेल्या पाण्याची लांबी वाढवून एकाऐवजी दोन तरंग कधी निघतात, हेही पाहावे.

रसेल यांच्यापाशी प्रगत गणित नव्हते. त्यांच्यापाशी टाकी, मोजपट्टी आणि पुनःपुन्हा मोजण्याची चिकाटी होती. एअरी यांच्यापाशी उत्तम गणित होते, पण त्या गणिताची मर्यादा तपासण्याची निकड त्यांना वाटली नाही. सिद्धान्ताशी न जुळणारे निरीक्षण हाती आले असता प्रथम मापन पुन्हा तपासावे, आणि मापन टिकले तर सिद्धान्तातील वगळलेली पदे एकेक करून पाहावीत, हा क्रम संशोधनाच्या विद्यार्थ्याने अंगी बाणविण्यासारखा आहे. कोणते पद लहान म्हणून टाकून दिले आणि ते खरोखर किती लहान होते, याचा हिशेब प्रत्येक प्रबंधात असावयास हवा.